पहिलं जावा वेब ॲप करताय? मग हे बघ

स्प्रिंग बूट (जावाचं तयार फ्रेमवर्क) शिकशीलच, पण त्याआधी एकदा नुसतं सर्व्हलेट (वेब रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा क्लास), जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलायची सोय) आणि मायएसक्यूएल डेटाबेस घेऊन नोंदी दाखवणारं एक पान उभं कर. सर्व्हलेट चालवणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरची आवृत्ती आधी बघ. जुन्या उदाहरणांत 'जावाएक्स.सर्व्हलेट' असतं, टॉमकॅट १० पासून ते 'जकार्ता.सर्व्हलेट' झालंय, त्यामुळे जुना कोड तसाच चालत नाही. मायएसक्यूएलशी जोडणाऱ्या ड्रायव्हरची जार फाइल वेब-इन्फच्या लिब फोल्डरमध्ये हवी. (मेवन हे बिल्ड टूल वापरलंस तर ती आपोआप तिथे जाते.)

खरी काळजी डेटाबेस कनेक्शनची. ते सर्व्हलेटच्या फील्डमध्ये ठेवू नकोस, कारण एकच सर्व्हलेट ऑब्जेक्ट एका वेळी अनेक रिक्वेस्ट हाताळतो. दर वेळी ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये (काम संपलं की कनेक्शन आपोआप बंद करणारा ट्राय ब्लॉक) उघड, म्हणजे एरर आली तरी बंद होईल. मायएसक्यूएल डीफॉल्टने एका वेळी १५१ कनेक्शन देतं. गळती असेल, म्हणजे उघडलेली कनेक्शन बंदच होत नसतील, तर ही १५१ कधी संपली कळतही नाही, आणि तुझ्या एकट्याच्या टेस्टिंगमध्ये हे दिसणारही नाही. पुढे पूल (उघडी कनेक्शन पुन्हा पुन्हा वापरायला देणारा साठा) लाव, त्यासाठी हिकारीसीपी लायब्ररी उत्तम.

क्वेरीत प्लस चिन्हाने स्ट्रिंग चिकटवणं मात्र पहिल्या दिवसापासून बंद. प्रीपेअर्ड स्टेटमेंटच वापर, त्यात क्वेरी आणि माहिती वेगवेगळी दिली जाते. चिकटवलेल्या क्वेरीत हल्लेखोर स्वतःचे आदेश घुसवू शकतो, ते राहू दे, इंग्रजीत 'डिसूझा' लिहिताना मधे येणारा ॲपॉस्ट्रॉफीसुद्धा तसली क्वेरी मोडतो.