विमान कंपन्यांचे विलीनीकरण आणि घरच्यांचा स्टँडबाय पास

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांपासून अमेरिकेतील एका विमान कंपनीत, विमानतळावरच्या ग्राहकसेवा विभागात काम करते. तिच्या पासवर, म्हणजे कंपनी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना देते त्या प्रवास सवलतीवर, आम्ही पती-पत्नी आतापर्यंत तीनदा अमेरिकेत स्टँडबाय प्रवास केला आहे. आता तिची कंपनी दुसऱ्या, मोठ्या कंपनीत विलीन होत आहे. तिची सात वर्षांची ज्येष्ठता तिथे धरली जाईल का? आई-वडील म्हणून स्टँडबायच्या यादीतला आमचा क्रम खाली जाईल का? येत्या डिसेंबरात तिचे बाळंतपण आहे आणि आम्हाला तिकडे जायचे आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बाळंतपणाचा उल्लेख आपण पत्राच्या शेवटी केला आहे, पण मी तिथूनच सुरुवात करतो. या वेळी जाताना दोघांचीही पक्की तिकिटे काढा. पासचा उपयोग परतीसाठी करा, तोही नाताळ आणि नववर्षाची गर्दी ओसरल्यावर. स्टँडबायचा अर्थच असा आहे की पैसे भरून आलेला शेवटचा प्रवासी बसल्यानंतर जागा उरली तर ती तुमची. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात अशी जागा फार कमी उरते, आणि विलीनीकरणानंतर त्याच थोड्या जागांसाठी दोन कंपन्यांचे कर्मचारी, त्यांची मुले आणि त्यांचे आई-वडील एकाच यादीत येतात.

आता ज्येष्ठतेकडे वळतो. आपल्या मनात एकच ज्येष्ठता आहे, पण विमान कंपनीत ती दोन प्रकारची असते. पहिली कामाची ज्येष्ठता : कोणती ड्यूटी मिळणार, सुट्टी कधी मिळणार, कर्मचारी कपातीत आधी कोणाला घरी पाठवणार, हे तिच्यावर ठरते, आणि ती बहुतेक ठिकाणी युनियनच्या करारात बांधलेली असते. अमेरिकन एअरलाइन्सने २००१ साली टीडब्ल्यूए (ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स) ही कंपनी विकत घेतली तेव्हा टीडब्ल्यूएच्या हवाई सेविकांना एकत्रित यादीत सर्वांत शेवटी टाकण्यात आले. वीस-पंचवीस वर्षे नोकरी केलेल्या बायका कालच लागलेल्या मुलींच्या मागे गेल्या, आणि पुढे कपात आली तेव्हा त्यांच्यापैकी फार मोठ्या संख्येने घरी बसल्या. त्या प्रकरणाची आच अमेरिकी संसदेपर्यंत पोचली आणि २००७ च्या अखेरीस मॅककॅस्किल-बाँड या नावाने ओळखली जाणारी तरतूद कायद्यात आली. दोन विमान कंपन्या एक होताना ज्येष्ठतेच्या याद्या न्याय्य रीतीने जोडल्या पाहिजेत, आणि एकमत झाले नाही तर लवादाकडे गेले पाहिजे, असे ती सांगते.

परंतु ही तरतूद आपल्या प्रश्नाला थेट लागू पडत नाही, आणि इथेच अनेक कुटुंबांची गफलत होते. पासचा क्रम हा दुसऱ्या ज्येष्ठतेचा, म्हणजे कंपनीत नोकरीला लागल्याच्या मूळ तारखेचा विषय आहे, आणि ती तारीख कशी मोजायची किंवा मुळात मोजायची की नाही, हे सर्वसाधारणपणे व्यवस्थापन आपल्या धोरणात ठरवते. डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांत एकाच वर्गातल्या पासधारकांचा क्रम नोकरीच्या ज्येष्ठतेवर लागतो. अमेरिकन एअरलाइन्समध्ये मात्र जो आधी चेक-इन करेल त्याचे नाव वर, अशी पद्धत होती, आणि तिच्यात डिसेंबर २०१३ मध्ये विलीन झालेल्या यूएस एअरवेजमध्ये ज्येष्ठतेची पद्धत होती. एकत्रित कंपनीने चेक-इनच्या वेळेची पद्धत ठेवली. यूएस एअरवेजमध्ये तीस वर्षे घालवलेल्या माणसाला त्या दिवसापासून आपली तीस वर्षे गेटवर दाखवता येईनात. सुटण्याच्या वेळेच्या बरोबर चोवीस तास आधी, हातात फोन घेऊन बटण दाबणारा नवखा त्याच्या पुढे जाऊ लागला.

माझे मत विचाराल तर मूळ तारखेची पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. तरीही हे मान्य केले पाहिजे की नव्या, कमी पगाराच्या कर्मचाऱ्याला ज्येष्ठतेच्या यादीत वर्षानुवर्षे वर सरकता येत नाही, आणि चेक-इनच्या पद्धतीत त्यालाही कधीतरी जागा मिळते. आपल्या मुलीची सात वर्षे आहेत. ज्येष्ठतेची पद्धत राहिली आणि तिची मूळ तारीख तशीच धरली, तरी मोठ्या कंपनीतले पंधरा-वीस वर्षांचे हजारो लोक तिच्या वर येतील. म्हणजे तिचे काहीही हिरावून न घेतासुद्धा तिचा क्रम घसरेल. चेक-इनची पद्धत आली, तर तिची सात वर्षे पासपुरती निरुपयोगी ठरतील, पण वेळ सांभाळणाऱ्याला संधी राहील. तेव्हा मुलीने मनुष्यबळ विभागाला लेखी विचारायचा पहिला प्रश्न हा : नव्या कंपनीत क्रम तारखेवर की चेक-इनवर, आणि तारखेवर असेल तर जुन्या कंपनीतली तारीख धरणार की विलीनीकरणाची?

दुसरा प्रश्न आई-वडिलांच्या पायरीचा. मोठ्या कंपन्यांत पासचे वर्ग असतात. अमेरिकनच्या एकत्रित पद्धतीत डी-१ हा वर्षातून मोजक्या वेळा वापरायचा वरचा वर्ग आहे. डी-२ मध्ये कर्मचारी, जोडीदार आणि मुले येतात. त्यानंतर निवृत्तांचा डी-२ आर, मग आई-वडिलांचा डी-२ पी, आणि सर्वांत शेवटी मित्र-पाहुण्यांचा डी-३. वर्ग आधी पाहिला जातो, क्रम नंतर. त्यामुळे आपण कितीही लवकर चेक-इन केले तरी डी-२ मधला शेवटचा माणूस आपल्या आधी बसतो. आपल्या मुलीच्या सध्याच्या कंपनीत आई-वडिलांना वेगळा वर्ग नसेल आणि मोठ्या कंपनीत असेल, तर आपला क्रम खाली जाणार हे गृहीत धरून चला.

करासंबंधी मात्र दिलासा आहे. रिकाम्या जाणाऱ्या जागेवर फुकट बसवण्यात कंपनीला वेगळा खर्च येत नाही, म्हणून अमेरिकेच्या आयकर कायद्याचे कलम १३२ असा प्रवास कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरत नाही. विमानप्रवासापुरता त्या कलमात आई-वडिलांचा प्रवासही कर्मचाऱ्याचाच समजला आहे. विलीनीकरणाने यात काही बदलत नाही.

विलीनीकरणाची तारीख आणि पासव्यवस्था एक होण्याची तारीख एकच समजू नका. अमेरिकन आणि यूएस एअरवेज कागदोपत्री ९ डिसेंबर २०१३ रोजी एक झाल्या, एकच उड्डाण परवाना ८ एप्रिल २०१५ रोजी मिळाला आणि आरक्षणाची यंत्रणा १७ ऑक्टोबर २०१५ रोजी एक झाली. आपल्याकडे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण २००७ चे, पण इंडियन एअरलाइन्सचा ‘आयसी’ हा कोड तिकिटांवर २०११ पर्यंत टिकून होता, हे अनेक वाचकांना आठवत असेल. या मधल्या काळात दोन्हीकडचे कर्मचारी एकमेकांच्या विमानांत बसू शकतात, परंतु बहुधा ‘आपल्या’ माणसांच्या मागे. आरक्षणाची यंत्रणा बदलते तो आठवडा तर पासवर प्रवासाला निघण्यासाठी सर्वांत वाईट. जुन्या यंत्रणेत नोंदलेले आई-वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टवरचे नाव नव्या यंत्रणेत नीट उतरले आहे का, हे मुलीने आधीच तपासावे. मराठी नावांत वडिलांचे नाव कधी मधे लिहिलेले असते, कधी पहिल्या नावाला चिकटवलेले असते, आणि गेटवर ते पासपोर्टशी जुळले नाही की तिथेच अडते.

मी स्वतः एका विमान कंपनीच्या तिकीट विभागात बरीच वर्षे काढली, आणि निवृत्तीनंतर मुलाच्या पासवर फिरलो. गेटवरच्या पडद्यावर आडनावाची पहिली तीन अक्षरे आणि नावाचे आद्याक्षर दिसते. एकदा आम्ही दोघे बाराव्या आणि तेराव्या क्रमांकावर होतो, रिकाम्या जागा चौदा. हायसे वाटले. दार बंद व्हायला वीस मिनिटे असताना आधीच्या चुकलेल्या विमानातले पैसे भरलेले नऊ प्रवासी धावत आले आणि पडद्यावर जागांचा आकडा चौदावरून पाच झाला. पत्नीने मुकाट्याने डबा उघडला आणि दशम्या काढल्या, कारण रात्र तिथेच काढावी लागणार हे तिला माझ्या आधी कळले होते. म्हणून सांगतो : औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, आणि युरोपातल्या शेंगेन गटातील (सामायिक व्हिसा असलेल्या) देशांमार्गे येत असाल तर शेंगेन व्हिसाशिवाय विमानतळाबाहेर हॉटेलात जाता येत नाही, हे विसरू नका. अडकलेल्या स्टँडबाय प्रवाशाला कंपनी हॉटेल किंवा भरपाई देत नाही.

प्रश्न : मी १९८४ मध्ये लागलो आणि निवृत्त होऊन आता न्यू जर्सीत राहतो. माझी कंपनी विलीन झाल्यावर कालपरवा लागलेली मुले माझ्या आधी बसतात. हे कायदेशीर आहे का? (एक निवृत्त वाचक)

उत्तर : आपली व्यथा मला पूर्ण पटते. ज्यांनी कंपनी उभी केली त्यांना यादीत मागे ढकलणे मला योग्य वाटत नाही, आणि वर सांगितलेल्या डी-२ आर वर्गाबद्दलही माझे हेच म्हणणे आहे. परंतु पासच्या नियमपुस्तिकेत बहुतेक वेळा ‘कंपनी हे नियम कधीही बदलू शकते’ असे वाक्य असते आणि वकील त्याच्यावरच बोट ठेवतात. आपल्याकडे स्वेच्छानिवृत्तीचा स्वतंत्र करार असेल, आणि पासच्या मोबदल्यात आपण काही सोडल्याचे त्यात लिहिलेले असेल, तर गोष्ट वेगळी. तो मूळ कागद शोधा आणि श्रम कायद्याच्या वकिलाला दाखवा. नुसत्या तोंडी आश्वासनावर खर्च करू नका. निवृत्तांच्या संघटनेत नाव नसेल तर नोंदवा, कारण असे नियम बदलले जातात तेव्हा एकट्याच्या पत्रापेक्षा संघटनेचे म्हणणे ऐकले जाते.

प्रश्न : भाच्याला बडी पास (कर्मचाऱ्याच्या मित्र-पाहुण्यांसाठीचा पास) द्यायचा आहे. तो बाजारभावाच्या निम्मे पैसे द्यायला तयार आहे. चालेल का? (एक वाचक, डॅलस)

उत्तर : नाही. कंपनी आकारते तेवढे शुल्क आणि कर भाच्याने भरावेत, त्यावर एक डॉलरही घेऊ नका. पास विकणे हा सर्वत्र शिस्तभंग मानला जातो, त्यात पास जातो आणि नोकरीही जाऊ शकते. भाचा हा करमुक्त नातेवाइकांत बसत नसल्यामुळे त्या पासचे मूल्य आपल्या उत्पन्नात धरले जाते, तेव्हा वर्षअखेरीस पगाराच्या विवरणात ती रक्कम दिसली तर चूक समजू नका. आणि भाच्याला आधीच स्पष्ट सांगा की त्याचे नाव यादीच्या तळाशी असेल.