सिझनची कमाई बारा महिन्यांत कशी वाटावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात मांद्रेला रेंट अ बाईकचा (दुचाकी भाड्याने देण्याचा) धंदा आणि पर्यटकांसाठी दोन खोल्या. नोव्हेंबर ते मे दरमहा सरासरी ८४ हजार सुटतात, जून ते ऑक्टोबर जवळपास काहीच नाही. घरखर्च ३५ हजार. कर्ज काढून पर्वरीत भाड्याने द्यायला फ्लॅट घ्यावा का?

आत्ता घेऊ नका. समजा फ्लॅट ६० लाखांचा आणि भाडे १५ हजार. वर्षाचे १.८० लाख म्हणजे जेमतेम ३ टक्के, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी जाणार. कर्जाचे व्याज याच्या दुपटीहून जास्त. शिवाय हप्ता ऑगस्टमध्येही कापला जातो.

आधी वर्ष सपाट करा. सात महिन्यांचे ५.८८ लाख होतात. त्यातले ८४ हजार टायर, क्लच, गाड्यांचा विमा आणि खोल्यांची गळती यांसाठी बाजूला काढा. उरले ५.०४ लाख, म्हणजे महिन्याला ४२ हजार. सिझनमध्ये ८४ हजार आले की ४२ घरच्या खात्यात, १२ दुरुस्तीसाठी आणि ३० पावसाळ्याच्या खात्यात. मेअखेर तिथे २.१० लाख जमतात. जूनपासून दर १ तारखेला त्यातून ४२ हजार घरी पाठवा. हे खाते वेगळ्या बँकेत ठेवा, त्याला यूपीआय जोडू नका.

हे बिघडते ते बहुधा मार्च-एप्रिलमध्ये. खाते फुगलेले दिसते आणि नवी गाडी किंवा सोने घेतले जाते. मग चवथ (गणेशचतुर्थी) नेमकी कोरड्या महिन्यांत येते आणि तेच सोने गहाण पडते. चवथीचा खर्च ३५ हजारांत धरला नसेल, तर त्याचा बारावा हिस्सा दरमहा वेगळा काढा.

४२ हजारांतून घरखर्चाचे ३५ गेले की उरलेले ७ हजार ही तुमची खरी बचत. ती आधी सहा महिन्यांच्या घरखर्चाच्या, म्हणजे २.१० लाखांच्या, एफडीत जाऊ द्या. २०२० सारखे वर्ष पुन्हा आले तर हाच आधार. पावसाळ्याचे खाते यात मोजू नका. मुले लहान असतील तर टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना रक्कम देणारा) मात्र एफडी पूर्ण होईपर्यंत लांबवू नका. एफडीनंतर निम्मे पीपीएफमध्ये (सरकारी दीर्घ मुदतीची बचत योजना) आणि निम्मे इंडेक्स फंडाच्या (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड) एसआयपीत, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेने, टाका. तुम्हाला पीएफ नाही, म्हणून पीपीएफ हवेच.

ठेव जास्त व्याजाला भुलून पतसंस्थेत ठेवू नका, तिला ठेव विम्याचे (बँक बुडाल्यास ठेव परत देणाऱ्या विम्याचे) कवच नसते. बँकेतही ते एका ठेवीदाराला एका बँकेत, सर्व शाखा मिळून, व्याजासह ५ लाखांपर्यंतच आहे. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बन बँकेचा २०२१ मध्ये रद्द झाला, हे आपल्याच डोळ्यांसमोरचे आहे.

शेवटी गोव्यापुरते. लग्नाआधी वेगळा करार नसेल आणि पोर्तुगीज नागरी कायद्यातली सामाईक मालमत्ता (पती-पत्नीची मिळून एकच) तुम्हाला लागू असेल, तर धंद्याचे आणि भाड्याचे उत्पन्न आयकरासाठी पती-पत्नीत निम्मे-निम्मे धरतात. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ५अ. पगार वाटला जात नाही. रिटर्नमध्ये यासाठी वेगळे परिशिष्ट असते, त्यात जोडीदाराचा पॅन लागतो. सीए गोव्याबाहेरचा असेल तर हे त्याला पहिल्याच भेटीत सांगा.