इंजिन मागे आणि ओढणारी चाकं पुढे: अशी गाडी का नाही?

प्रश्न असा होता: इंजिन पुढे आणि ताकद पुढच्या चाकांना, इंजिन पुढे आणि ताकद मागच्यांना, इंजिन मागे आणि ताकदही मागच्यांनाच, या तिन्ही तऱ्हा रस्त्यावर दिसतात. मग इंजिन मागे ठेवून पुढची चाकं फिरवणारी गाडी कुणी का काढत नाही? शिवाय, दोन इंजिनांची गाडी खरंच असते का? जुन्या गाड्या उघडण्या-जोडण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी थोडं गणित, कारण सगळं त्यावरच उभं आहे. गाडी जोरात पळायला लागली की नाक उचलते आणि मागून बसते. म्हणजे पुढच्या चाकांवरचा भार मागे सरकतो. समजा गाडी १००० किलोची आहे, पुढच्या-मागच्या चाकांत २.५ मीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे. कोरड्या रस्त्यावर टायर आपल्यावरच्या भाराच्या ८० टक्के जोर लावू शकतो असं धरू. इंजिन ज्या टोकाला आहे तिकडे ६० टक्के वजन. आता चाकं जागच्या जागी न फिरता वेग जास्तीत जास्त किती झपाट्याने वाढवता येईल ते काढलं (हे 'जी'मध्ये मोजतात, १ जी म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग जितक्या झपाट्याने वाढतो तितका), तर इंजिन मागे आणि चाकंही मागची असताना सुमारे ०.५७ जी मिळतो. इंजिन आणि चाकं दोन्ही पुढे असतील तर ०.४१ जी. आणि इंजिन मागे, चाकं पुढची? ०.२८ जी. तोच टायर, तोच रस्ता, तेवढंच वजन, आणि पकड निम्म्याहून कमी! चढावर तर आणखी हाल, कारण चढसुद्धा भार मागेच ढकलतो. नेमकी जी चाकं हलकी होतात त्यांच्याकडूनच ओढण्याचं काम करून घ्यायचं, हा या मांडणीतला मूळ दोष आहे.

तरीही हे करून पाहणारा माणूस होऊन गेला. अमेरिकन संशोधक-रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांची १९३३ ची डायमॅक्सियन ही तीन चाकांची लांबलचक गाडी. फोर्डचं व्ही-८ इंजिन मागे, ताकद पुढच्या दोन चाकांना, आणि वळायचं मागच्या एकट्या चाकाने. वळणारं चाक मागे एकटंच असल्यामुळे ओढायचं काम पुढच्या जोडीकडे गेलं. गाडी जवळजवळ जागच्या जागी वळायची, पण वेगात तिची शेपटी भरकटायची. तीन नमुने बनले आणि तिथेच थांबलं. फुलर यांच्या धाडसाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण मागच्या चाकाने वळणारी गाडी मी वेगात कधीच चालवणार नाही.

आता एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. 'इंजिन पुढे' एवढ्याने काहीच कळत नाही. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग) कोणत्या क्रमाने लावलेत ते बघा. १९२९ च्या कॉर्ड एल-२९ मध्ये इंजिनही पुढे आणि ओढणारी चाकंही पुढची. पण आठ सिलिंडरचं ते लांब इंजिन चाकांच्या मागे आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे, त्यामुळे पुढच्या चाकांवर पुरेसं वजनच नाही. चढावर ती चाकं घसरायची. ऑडीने वर्षानुवर्षं नेमकं उलट केलं: गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे. पकड भरपूर, पण नाक जड. दोन्ही गाड्यांना आपण 'फ्रंट व्हील ड्राइव्ह' असंच म्हणतो.

या क्रमाच्या खेळातली माझी सगळ्यात लाडकी गाडी म्हणजे साब या स्वीडिश कंपनीची ९९, आणि तिच्यावरच बेतलेली पहिली साब ९००. यात इंजिन चक्क उलटं बसवलंय. क्लच रेडिएटरच्या लगेच मागे, पट्ट्यांची बाजू ड्रायव्हरच्या पायांकडे. ताकद पुढच्या टोकाने बाहेर पडते, खाली उतरते आणि इंजिनाच्या पोटाखालच्या गिअरबॉक्समध्ये मागे वळते. पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा मी दहा मिनिटं नुसता बघत उभा होतो. नंतर क्लच बदलायची वेळ आली आणि मग खरी गंमत कळली. वरचं झाकण काढायचं, पेडल दाबून धरायला सांगून स्प्रिंगमध्ये कडी अडकवायची, मधला छोटा शाफ्ट पुढे ओढून घ्यायचा आणि क्लच वरून उचलून बाहेर. इंजिन जागचं हलत नाही. पण ९०० चे पट्टे बदलायला गेलात की तोच क्रम उलटतो: हात इंजिन आणि मागच्या पत्र्याच्या फटीत घालून चाचपडत काम करावं लागतं.

असेच दोन नमुने थोडक्यात. १९६६ ची ओल्ड्समोबिल टोरोनाडो: सात लिटरचं व्ही-८, आणि ताकद पुढच्या चाकांना. गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी बसवून दोघांना रुंद साखळीने जोडलं, म्हणून सगळं बॉनेटखाली मावलं. दुसरी लॅम्बोर्गिनी काउंटाश: व्ही-१२ इंजिन पाठीमागे, गिअरबॉक्स त्याच्या पुढे थेट दोन सीटांच्या मध्ये, आणि तिथून निघालेला शाफ्ट इंजिनाच्या तेलाच्या टाकीतून आरपार मागे जातो. गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सवर आला आणि वजनही मध्याकडे सरकलं.

दोन इंजिनांबद्दल. हो, असतात, आणि विकल्याही गेल्या. सित्रोएन २ सीव्ही सहारा १९६० पासून बनली, जेमतेम सातशेच्या आसपास. ४२५ सीसीचं एक इंजिन पुढे, तसंच दुसरं डिकीत. दोन किल्ल्या, पुढच्या सीटांखाली पेट्रोलच्या दोन टाक्या. डिकी गेली, म्हणून स्टेपनी बॉनेटवर. क्लचचं पेडल आणि गिअरचा दांडा मात्र एकेकच, दोन्ही गिअरबॉक्स एकदम हलवणारे. पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा शाफ्ट नाहीच! दोन्ही जोड्यांचा वेग जुळवतो तो खालचा रस्ता. वाळूत दोन्ही इंजिनं चालवायची, सपाटीला एक बंद करायचं. इतकी साधी आणि इतकी पटणारी फोर-व्हील ड्राइव्ह मला दुसरीकडे दिसली नाही.

१९३५ च्या अल्फा रोमिओ बिमोतोरेमध्येही एक इंजिन पुढे आणि एक मागे होतं, पण दोघांची ताकद फक्त मागच्या चाकांवर. सरळ रस्त्यावर ती भन्नाट पळायची, पण टायर बघता बघता झिजून जायचे. सहाराने चारही चाकांना वाटून दिलेलं काम इथे दोनच टायर करत होते.

आता मूळ प्रश्न. मागे इंजिन आणि पुढची ओढणारी चाकं ही मांडणी तुम्ही बहुधा पाहिलेली आहे, फक्त गाडी म्हणून नाही. फोर्कलिफ्ट आठवा. इंजिन ड्रायव्हरखाली किंवा मागे, त्याच्याही मागे जड वजन, ओढणारी चाकं पुढे, वळणारी मागे. रिकामी असताना ती मागे जड असते, पण पुढच्या काट्यांवर माल चढला की सगळा भार नेमका ओढणाऱ्या चाकांवर येतो. पीक कापणारं मोठं कंबाइन हार्वेस्टरही बहुधा याच चालीचं: समोर जड कापणी-पट्टा, त्याच्या मागेच मोठी ओढणारी चाकं, इंजिन बरेचदा पार शेपटीकडे, आणि वळायला मागची लहान चाकं. अशा यंत्राच्या मागे कधी उभे असाल तर बाजूला दोन पावलं जास्तच अंतर ठेवा, कारण वळताना त्याची शेपटी आधी बाहेर येते.