पझल गेम चटकन सुटतात म्हणजे आयक्यू जास्त असतो का?

तुम्ही विचारलंय की मुलगा पोर्टल २ (एकेका खोलीतून बाहेर पडायची वाट शोधायचा पझल व्हिडिओ गेम) भराभर सोडवतो, तर त्यावरून त्याचा आयक्यू कळेल का. त्या एका गेमवरून नाही कळणार. पण ही कल्पना अगदीच फालतू नाहीये, उलट लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच काम झालंय यावर.

स्पेनमधल्या मारिया अँजेलेस किरोगा आणि त्यांच्या टीमने २०१५ मध्ये १८८ कॉलेजच्या मुलामुलींना लॅबमध्ये बसवून १२ व्हिडिओ गेम खेळायला लावले आणि बुद्धिमत्तेच्या ११ टेस्टही घेतल्या, तर दोन्हीकडचा सहसंबंध (१ म्हणजे अगदी तंतोतंत जुळणी) ०.९३ निघाला. हा आकडा वाचून लोक उड्या मारतात, पण तो एकेका गेमचा नाहीये. बाराही गेममध्ये जे कॉमन निघालं आणि अकरा टेस्टमध्ये जे कॉमन निघालं, त्या दोघांमधला आहे तो. एकच गेम घेतला तर संबंध खूप कमी असतो. आणि कोणीतरी समोर बसून लक्ष ठेवत होतं, घरी सोफ्यावर लोळत खेळणं वेगळं.

पोर्टल २ वरही प्रयोग झालाय बरं का. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच गेममधल्या पझल मेकरने (स्वतःची कोडी बनवायचं साधन) स्वतःच्या नवीन खोल्या बनवल्या आणि त्यावरून तर्कशक्ती मोजता येते का ते बघितलं, निकाल बरा आला. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की खोल्या नवीन होत्या, यूट्यूबवर वॉकथ्रू (गेम कसा सोडवायचा ते दाखवणारा व्हिडिओ) बघून आलेला कोणी नव्हता. तुमच्या मुलाने आधी कोणाला खेळताना बघितलंय का ते विचारा एकदा.

सगळी गोची सरावात आहे. १९९२ मध्ये मेंदूवर संशोधन करणाऱ्या रिचर्ड हायर यांनी टेट्रिस खेळणाऱ्यांचे मेंदू स्कॅन केले, काही आठवडे रोज खेळल्यावर स्कोअर कितीतरी वाढला आणि मेंदूत साखर मात्र आधीपेक्षा कमी जळत होती. म्हणजे ते टेट्रिसमध्ये तरबेज झाले, एवढंच. उलट बाजूने बघा, माझी आई पेपरातलं अवघड सुडोकू चहा संपायच्या आत सोडवते पण तिच्या हातात कंट्रोलर दिला तर पहिल्याच खोलीत छताकडे बघत गोल गोल फिरत बसेल, आता तिला काय ढ म्हणायचं?

फोनवरच्या 'ब्रेन ट्रेनिंग' ॲपचा स्कोअर तर मनावर घेऊच नका. लुमोसिटी नावाच्या अशाच ॲपवाल्यांना २०१६ मध्ये अमेरिकेत फसव्या जाहिरातींबद्दल २० लाख डॉलर भरावे लागले होते.

शाळेसाठी वगैरे खरंच आयक्यू हवा असेल तर सायकॉलॉजिस्टकडून रीतसर टेस्ट करून घ्या. आणि नुसती उत्सुकता असेल तर त्याला त्याच पझल मेकरमध्ये तुमच्यासाठी एक खोली बनवायला सांगा, मग तुम्ही किती वेळ अडकताय ते बघू 😄