पाचवी गिटार घेण्याआधी

अरे, आधी एक हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) घे. पुण्यात एप्रिलची हवा ठणठणीत कोरडी, जुलैत कपाटातले कपडेही दमट, गिटारचा नेक (तारांखालचा लांब दांडा) हलणारच. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर उत्तम.

सेटअपला, म्हणजे गिटार नीट जुळवताना, आधी नव्या तारा सुरात लाव, मग ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक ठरवणारी सळई), मग अ‍ॅक्शन (फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून, तारांची उंची), शेवटी इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर खरा लागणं). रॉड तपासायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटचा फ्रेट दाब. आठव्याजवळ तार आणि फ्रेटमध्ये पाव मिलिमीटर फट पुरे. रॉड एका वेळी पाव फेराच फिरव, तोही नेमक्या मापाच्या चावीने. मी घाईत एकदा रॉडच्या नटाचे कोपरे गोल करून ठेवलेत!

बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता हलकं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा लागला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, नेकपासून दूर घे. फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली नेकवरची फळी) रोजवुडचा असेल तर लेमन ऑइलचे दोन थेंब. पॉलिश केलेल्या मेपलला नुसतं फडकं.