वाइनची बाग हातात घेताना

ताई, सासूबाईंनी बाग तुझ्या हाती दिलीय, पण आधी सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का ते बघ. बायकोचं नाव नवऱ्याबरोबर लावायला सरकारची 'लक्ष्मीमुक्ती' योजना १९९२ पासून आहे. लेकींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. मी हे फार उशिरा केलं, बँकेच्या दारात उभं राहिल्यावर!

आता बागेचं. आपल्या नान्नज भागात खायच्या द्राक्षांची सवय, मणी फुगवायचा, त्यासाठी जीए हे वाढीचं संजीवक द्यायचं. वाइनला ते विसर. इथे मणी लहानच बरा; रंग नि चव सालीत असते. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला तर डाऊनी म्हणजे केवडा रोग येतोच, तेव्हा पान उलटून खालची पांढरी लव रोज बघ. माझ्या सासूबाई चष्मा न लावता बघायच्या, मला भिंग लागतं.

काढणी फेब्रुवारीत, ब्रिक्स म्हणजे रसातली साखर २२ ते २४ च्या आसपास, पण मीटरवर भिस्त नको. बी चावून बघ. तपकिरी नि कडकडीत झालं की पक्व. तोडणी पहाटेच. एकदा माझा टेंपो दुपारी आला, क्रेटमधल्या द्राक्षांना रस सुटून आंबूस वास मारायला लागला, अख्खा माल गेला.

आणि रस आंबत असताना टाकीत वाकून बघायचं नाही, एकटीने तर नाहीच. तेव्हा निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू जड असतो, खाली साचतो, जीव गुदमरतो. दारं उघडी ठेव. मजुरांनाही हे तूच सांग, मुकादमावर सोडू नकोस.