समुद्रतळाशी जिथं ऑक्सिजन जवळपास नसतोच, तिथले सूक्ष्मजीव जगतात तरी कसे?

ऑक्सिजन नाही म्हणजे खेळ खल्लास, हे आपल्यासारख्या प्राण्यांचं झालं. अन्नातून एनर्जी काढताना इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते कुणाच्या तरी गळ्यात मारावे लागतात, श्वास म्हणजे मुळात एवढंच. ऑक्सिजन ते घेतो तेव्हा एनर्जी सगळ्यात जास्त मिळते, पण तो नसला तर नायट्रेट चालतं, मग मँगनीज, लोखंड आणि अगदीच काही नाही तर सल्फेट. एनर्जी कमी कमी होत जाते पण भागतं. सल्फेटवर जगणाऱ्या बॅक्टेरियांमुळेच त्या चिखलाला सडक्या अंड्यांचा वास येतो.

आता यातला माझा एकदम फेव्हरेट म्हणजे थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस. 1997 मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हायडे शुल्त्स यांना नामिबियाच्या किनाऱ्याजवळच्या चिखलात सापडला. एक पेशी 0.75 मिलीमीटरपर्यंत, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणारा बॅक्टेरिया! पण आतून बराचसा पोकळ, आणि त्या पोकळीत नायट्रेट ठासून भरलेलं, बाहेरच्या पाण्याच्या हजारो पट. त्याची अडचण अशी की खायला लागणारं सल्फाइड (त्या सडक्या अंड्यांच्या वासाचं मूळ) खाली चिखलात आणि नायट्रेट वरच्या पाण्यात, आणि याला तर धड हलताही येत नाही, मग चिखल ढवळला जाऊन वरचं पाणी मिळालं की टाकी फुल करायची आणि पुढे महिनोन्महिने त्यावर काढायचे. चिली-पेरूकडचा थायोप्लोका हा बॅक्टेरिया मात्र सरपटत वर येतो, नायट्रेट भरून घेतो आणि परत खाली जातो.

केबल बॅक्टेरिया तर वेगळंच प्रकरण. हजारो पेशींची सेंटिमीटरभर लांब साखळी, खालचं टोक सल्फाइडमध्ये, वरचं ऑक्सिजनच्या पातळ थरात, आणि मधून चक्क करंट वाहतो. 2012 मध्ये हे जाहीर झालं.

आणि हे फक्त बॅक्टेरियाच करतात असं नाही बरं का. फोरॅमिनिफेरा म्हणजे कवचवाले एकपेशीय जीव, त्यांच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक असतं. त्यातला ग्लोबोब्युलिमिना पेशीत नायट्रेट साठवतो आणि त्यावर श्वास घेतो हे 2006 मध्ये दाखवलं गेलं, तोवर असं पूर्ण काम केंद्रकवाल्या जीवात कुणी पाहिलंच नव्हतं.

अशा जागा काही फार दुर्मिळ नाहीत. अरबी समुद्रात साधारण 200 ते 1000 मीटर खोलीवर ऑक्सिजन फारच कमी असतो, कारण वर प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं, पीक जोरात येतं, ते मरून खाली बुडतं, कुजताना ऑक्सिजन खातं आणि ताजं पाणी तिथं हळूहळूच पोचतं. हा थर समुद्रतळाच्या उताराला जिथं टेकतो तिथं काही भागात चिखल ढवळणारे किडेही टिकत नाहीत, म्हणून गाळाचे बारीक पट्टे हजारो वर्षं जसेच्या तसे राहतात. मोठे प्राणी नाहीत म्हणून जागा ओसाड समजू नका, उलट खाणारे कमी आणि अन्न भरपूर, त्यामुळे ज्याला नायट्रेटवर भागवता येतं त्याची तिथं चंगळ असते.